बंद केलेली गोळी

भिलाई, सेक्टर ६
१४ ऑगस्ट १९८१

प्रिय अरुण,

रमानं तुला काय कळवलं ते मला माहीत नाही, म्हणून काहीच कळवलं नाही असं धरून लिहिते. तू ट्रेनिंगसाठी रशियाला गेलास तेव्हापासून तुझ्या घरातली पत्रं, तुझी बायको म्हणून, तीच पोस्टात टाकते. मी मरोद्याच्या माझ्या घरून येऊन विचारलं की म्हणते, “सगळं लिहिलं ताई.” सगळं म्हणजे काय, ते ती जाणे. हे पत्र मी माझ्या हातानं टाकणार आहे.

बाबांच्या पायात खिळा गेला. मागच्या अंगणात त्यांनी भेंडी लावली आहे, तिथल्या कुंपणाच्या फळीचा, गंजलेला. जन्मभर रेल्वेत गार्डाच्या डब्यात उभा राहिलेला माणूस, त्याला कधी खरचटलं नाही, आणि पोराच्या क्वार्टरात येऊन हे झालं. त्यांनी कोणाला सांगितलं नाही. हळद भरली आणि मोजा चढवला. ऑगस्टमध्ये मोजा! रमा म्हणते तिच्या ध्यानात आलं नाही. एका घरात राहून, रोज त्यांचे कपडे धुऊन?

मग हुडहुडी भरून ताप आला. डिस्पेन्सरीतल्या डॉक्टरनं हात धरून पाहिला, म्हणे नाडी छान चालू आहे, घाबरू नका, मलेरिया दिसतो. गोळ्या दिल्या. मी भेटायला आले तेव्हा बाबा मला ओळखत नव्हते. “झेंडी दाखव बे, गाडी काहून थांबली?” असं ओरडत होते. आई त्यांच्या कपाळावर पट्ट्या ठेवत होती. मी विचारलं, ताप कधीपासून? आई म्हणाली रविवारपासून. रमा म्हणाली सोमवारपासून. दोघींपैकी एक खोटं बोलते आहे आणि आईला खोटं बोलायचं कारण नाही.

मी कोणावर आळ घेत नाही. पण तू गेल्यावर बाबांनी रमाला नर्सरी शाळेतली नोकरी सोडायला लावली, हे तुला तिनं नक्की कळवलं असेल. तेव्हापासून ती बाबांशी कामापुरतंच बोलते. नागपूरच्या डॉक्टरनं दिलेल्या बाबांच्या हार्टच्या गोळ्यांची पट्टी स्वयंपाकघरात तिच्याच मसाल्याच्या डब्याशेजारी असते. एवढंच लिहून ठेवते.

उद्या त्यांना हॉस्पिटलात नेतो आहोत. तुझे भाऊजी गाडीची व्यवस्था करायला गेलेत.

सुशीला


भिलाई
२१ ऑगस्ट

अरुण,

बाबा जिवंत आहेत. हे आधी लिहिते म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील.

पायाचं विष रक्तात उतरलं आहे. सेप्टिसीमिया म्हणतात. दोन बोटं कापावी लागली. सलाईन चालू आहे, इंजेक्शनं चालू आहेत. मेडिसिनच्या वॉर्डात डॉक्टर चंद्राकर म्हणून आहेत, दुर्गकडचेच. बोलणं तुटक, पण रोज दोनदा येतात. मी त्यांना म्हटलं, “डिस्पेन्सरी में तो नाड़ी ठीक बताई थी.”

त्यांनी विचारलं, घरात कोणती औषधं चालू होती? रमानं पर्समधून गोळ्यांची पट्टी काढून दिली. (पट्टी तिच्या पर्समध्ये काय करत होती, हे मी तिथं विचारलं नाही.) ती पाहून डॉक्टर म्हणाले, “प्रोप्रानोलॉल. तो नाड़ी ठीक ही दिखेगी. ये गोली दिल को दौड़ने नहीं देती. अंदर आग लगी थी और नाड़ी चुप बैठी थी. जिसने हाथ पकड़ा, वो धोखा खा गया.”

मग त्यांनी सगळ्यांना पलंगाजवळ बोलावलं. बाबांचं ब्लड प्रेशर फार खाली गेलं आहे, आजपासून ही गोळी बंद, घरातून कोणीही द्यायची नाही, असं बजावलं. आई म्हणाली, “पर नागपूरवाले डॉक्टर तो बोले थे...” पण ते तोवर पुढच्या पलंगावर गेले होते.

मी पट्टी मागितली. रमा म्हणाली, “घरीच ठेवते ताई, बाबा बरे झाले की लागनच.” मला ते बरं वाटलं नाही. जी वस्तू द्यायची नाही ती जपून कशाला ठेवायची?

तू सुट्टीसाठी अर्ज करू नकोस असं आई म्हणते. मी म्हणते, कर.

सुशीला


भिलाई
३० ऑगस्ट

अरुण,

आज जे लिहिते आहे ते नीट वाच आणि दोनदा वाच.

गोळी बंद करून बरेच दिवस झाले. ताप अजून चढतो. डॉक्टर चंद्राकरांनी बाबांचं मनगट धरलं, घड्याळ पाहिलं, मग पुन्हा धरलं. नर्सला विचारलं, नर्सनं मान हलवली. मग ते माझ्याकडे वळले. “इतने बुखार में नाड़ी को अब तक ऊपर जाना चाहिए था. कोई गोली दे तो नहीं रहा इनको?”

मी नाही म्हटलं आणि घरून काय काय येतं ते मनात मोजायला लागले.

घरून पेज येते. ती रमा करते, डब्यात भरून आणते. आई पलंगाशी बसून चमच्यानं भरवते, कारण बाबा दुसऱ्या कोणाच्या हातून तोंड उघडत नाहीत. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम लवकर गेले. पेज पाजून झाली होती. स्टीलचा पेला स्टुलावर होता. तळाला पेजेचा थर होता आणि त्या थरात गुलाबी रेघ होती. त्या गोळीचा रंग गुलाबी आहे अरुण. मी पेला उचलला, तेवढ्यात रमानं तो माझ्या हातातून घेतला. “मुंग्या लागतात ताई,” म्हणाली आणि नळाखाली धुऊन टाकला. राखेनं घासल्यासारखा घासला, हातानंच.

मी व्हरांड्यात सगळ्यांसमोर विचारलं. तुझे भाऊजी होते, आई होती, नर्स दारात उभी होती.

“रमा, पेल्यात काय होतं?”

“पेज होती.”

“गुलाबी पेज?”

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. आईकडे पाहिलं. मला वाटलं, सासूची दया मागते आहे. आई खाली मान घालून पदराचं टोक पिळत होती, बिचारीला हे भांडण सहन होत नव्हतं. मग रमा म्हणाली, “तुमाले जे वाटते ते समजा ताई. मले काही सांगायचं नाही.”

निरपराध बाई असं बोलते का? ती ओरडेल, रडेल, शपथा घेईल. ही गप्प. मी डॉक्टरांना सांगून तिला वॉर्डात यायची बंदी करवली. पेज आता मी मरोद्याहून करून आणते.

बाबांनी तिला नोकरी सोडायला लावली. तू तिला रशियात बोलावून घेणार होतास, तेही बाबांमुळे राहिलं. मी दोन आणि दोन चारच म्हणते. तुला पाच म्हणायचे असतील तर म्हण, पण तिला काय ते स्पष्ट लिही. मोठी बहीण म्हणून सांगते आहे.

सुशीला


भिलाई
९ सप्टेंबर

अरुण,

रमा राजनांदगावला माहेरी गेली. कोणी काढलं नाही, आपणहून गेली. जाताना आईच्या पाया पडली. आई आत जाऊन रडली. मला वाटलं होतं आईला जरा हायसं वाटेल.

रमानं गोळ्यांची पट्टी देवघरात ठेवलेली सापडली. त्यात किती गोळ्या उरल्या होत्या ते पाहून काही कळेना, कारण आधी किती होत्या हे कोणालाच आठवत नाही. रमा गेलीच म्हणून ती तिथंच राहू दिली.

आणि अरुण, नाडी अजून तशीच आहे. बाबा बरे होत आहेत, ताप उतरतो आहे, काल त्यांनी मला “सुशे” म्हणून हाक मारली. पण डॉक्टर रोज मनगट धरतात आणि माझ्याकडे पाहतात. आता तर पेज माझी आहे! मग मनात आलं, रमानं जाता जाता वॉर्डातल्या ठकूबाईला वळवलं असेल. ठकूबाई म्हणजे बाबांची चादर बदलणारी बाई. रमाशी तिचं फार जमायचं, दोघी छत्तीसगढीत हसत बोलत. मी ठकूबाईला कोपऱ्यात घेऊन विचारलं. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, “मोला दवई देना होतिस त नर्स नइ बन जातेंव, बाई?” म्हणजे औषधं द्यायची असती तर नर्सच झाले नसते का, आणि वॉर्डभर सांगत सुटली. आता बायका मला पाहून कुजबुज थांबवतात.

तुझे भाऊजी म्हणतात, तू आता आरशावरही शक घेशील. त्यांना काय! त्यांचे वडील नाहीत.

तुझं उत्तर अजून नाही.

सुशीला


भिलाई
२४ सप्टेंबर

अरुण,

हे पत्र सुरू करून तीनदा फाडलं.

परवा सकाळी मी पेजेचा डबा आईजवळ देऊन डॉक्टरांना भेटायला गेले. ते राउंडवर होते म्हणून लगेच परत फिरले. पडद्याआड आई पाठमोरी बसली होती. तिच्या मांडीवर दोन चमचे होते, एकावर एक. वरच्या चमच्यानं ती खालच्या चमच्यात काहीतरी रगडत होती. मी तिच्या खांद्यावरून पाहिलं. गुलाबी भुकटी.

तीच बोलली, वळून न पाहता.

“आली काय? बस. थंडी होऊन राहिली पेज.”

“आई, डॉक्टरांनी बंद केली ना ती?”

“नागपूरच्या डॉक्टरनं माह्या देखत सांगितलं होतं. बाई, एक दिवसही चुकवू नका. एकदम बंद केली तं छाती बंद पडन. त्यानं यायले उभं केलं होतं, सुशे. आता हा म्हणते बंद करा. मी काय दोन डॉक्टरायचं भांडण सोडवत बसू? माह्या माणसाले मी देत गेली.”

“आणि रमा?”

आईनं भुकटी पेजेत टाकली. माझ्यासमोर. ढवळली.

“मी सांगितलं असतं तं तुम्ही मले वॉर्डात येऊ देलं असतं? यायनं माह्याशिवाय तोंड उघडलं नसतं. पोरगी तरुण आहे, तिचं सारं पुढं पडलं आहे. यायचं काय होतं पुढं?”

मी तिच्या हातातून पेला काढून घेतला. तिनं घेऊ दिला, पण असं पाहिलं माझ्याकडे की मी तिची कोणी नव्हेच.

पट्टी देवघरात रमानं लपवलेली नव्हती. आईनं ठेवली होती, संपली की नवी आणून, रोज एक काढून पदराला बांधायला. मी ती पाहिली होती अरुण, माझ्या डोळ्यांनी, आणि ती तिथं कोणी ठेवली असेल हे मला ठाऊकच आहे असं धरून चालले होते.

डॉक्टर चंद्राकरांना सांगितलं. सांगायलाच हवं होतं. ते आईसमोर येऊन उभे राहिले आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाले, “माताजी, आप मार डालतीं इनको!” मग ते स्टूल ओढून बसले. बाबांचं मनगट हातात घेतलं. मी विचारलं, “फिर ये बचे कैसे?”

“इंजेक्शन से बचे. उँगलियाँ समय पर कटीं, इसलिए बचे.”

“और गोली?”

“मैंने बीपी देखा, बंद कर दी. कल ऐसा ही मरीज़ आएगा तो फिर बंद करूँगा. पर नागपूरवाले ने भी झूठ नहीं कहा था. एकदम रोकने से भी दिल बिगड़ता है.” ते उठले. “ये गोली से बचे या गोली के बावजूद, मैं नहीं जानता. जो कहे कि जानता है, उस पर शक कीजिए.”

आता ते स्वतः गोळी देतात, अर्धी, नर्सच्या हातून.

हे सगळं तुला कळवते आहे ते आईवर तू रागवावंस म्हणून नाही. तिला यातलं एक अक्षर लिहू नकोस. माझं ३० ऑगस्टचं पत्र तुला मिळालं नसेल तर फार बरं होईल. मिळालं असेल तर रमाला काही लिहू नकोस. मी तार करणार होते, पण पोस्टातला माणूस मजकूर मोठ्यानं वाचतो आणि सेक्टरभर होतं. नंतर वाटलं, झालं असतं तर झालं असतं. तोवर खिडकी बंद झाली होती.

सुशीला


भिलाई
१८ ऑक्टोबर

अरुण,

तुझी दोन्ही पाकिटं एकाच दिवशी आली. माझ्या नावाच्या पाकिटात तू लिहिलंस, “रमाला जे लिहायचं ते लिहिलं आहे, तू काळजी करू नकोस.” दुसरं तिच्या नावाचं, सेक्टर ६ च्या पत्त्यावर. तू ती माहेरी आहे हे कळायच्या आधी टाकलेलं.

ते पाकीट मी हातात घेऊन ओट्यावर बसले. आत काय असेल ते मला कळत होतं, कारण ते माझंच होतं, फक्त अक्षर तुझं. चूल पेटलेली होती. आई म्हणाली, “टाक त्यात.” मी टाकलं नाही. जाळलं असतं तर तू पुढच्या पत्रात तिला विचारलं असतंस, उत्तर का दिलं नाही, आणि तिला कशाचं उत्तर तेच कळलं नसतं. आपल्या घरात आता लपवायला जागा उरली नाही.

मी दुर्गहून पॅसेंजर धरली आणि राजनांदगावला गेले. तिचे वडील पार्सल ऑफिसात होते. ती क्वार्टरच्या पायरीवर बसली होती, बोटं खडूनं पांढरी. रेल्वेच्या बालवाडीत शिकवायला लागली आहे. मला पाहून उठली, पाणी आणलं, पाया पडली. मला तेच सहन झालं नाही.

“आईनं सांगितलं काय?” तिनं विचारलं.

“मी पाहिलं.”

“मले पहिल्या आठवड्यातच दिसलं होतं.”

“मग त्या दिवशी व्हरांड्यात काहून नाही बोलली?”

ती खाली बसली. “बोलली असती तं तुमी आईले बाहेर काढलं असतं. त्या घरी बसून मेल्या असत्या, अन् बाबा उपाशी. माह्यावर शक घ्यायची तुमाले सवयच होती ताई. अजून एक घेतला, त्यानं काय होते?”

मला राग आला. खरंच आला. मी म्हटलं, “आणि त्या गोळीनं बाबा मेले असते तर? तुला ठाऊक होतं आणि तू गप्प राहिलीस!”

“रोज तेच वाटे,” ती म्हणाली. “घरी आईले म्हटलं, बंद करा, नाही तं मी डॉक्टरले सांगते. त्या माह्या पाया पडल्या. सासू पाया पडली ताई, अंगणात, भेंडीच्या वाफ्यात. तुमी असत्या तं काय केलं असतं?”

तिनं आईच्या जिवासाठी बाबांचा जीव टांगणीला लावला असं म्हणता येईल, आणि आईनं बाबांच्या जिवासाठी तिची अब्रू. आणि हॉस्पिटलातून घरी आलेले बाबा व्हरांड्यात काठी घेऊन फेऱ्या मारतात आणि विचारतात, “रमा काहून येत नाही? तिच्या हातची पेज बरी होती.” माझ्या पेजेत मीठ कमी असतं म्हणे.

मी माफी मागितली की नाही, ते तुला कशाला सांगू? ते आम्हा दोघींचं आहे.

निघताना तुझं पाकीट काढून तिच्यासमोर ठेवलं. म्हटलं, “यात काय आहे ते मला माहीत आहे. ते मी त्याला लिहिलेल्या पत्रामुळं आहे. न वाचता फाडलंस तरी मी कोणाला सांगणार नाही.”

तिनं पाकीट उलटंपालटं केलं. तुझं अक्षर पाहिलं, रशियाची तिकिटं पाहिली. बालवाडीत द्यायला ती तिकिटं हवी म्हणाली आणि हसली, मग हसणं थांबवलं.

“तुमच्यावर माहा राग नाही ताई,” ती म्हणाली. “तुमी तुमच्या बापासाठी वेड्या झाल्या. पण तुमच्या भावानं तुमचं पत्र वाचलं, अन् मले एक ओळ विचारली नाही. असं झालं काय, एवढंही नाही. सरळ उत्तर लिहून टाकलं.”

तिनं ते फोडलं नाही. फाडलं नाही. आत जाऊन पेटीत ठेवलं आणि परत येऊन दारात उभी राहिली.

“त्यायले सांगा, मी वाचणार नाही. ज्यानं लिहिलं त्यानं इथं यावं, माह्यासमोर बसावं, अन् स्वतः वाचून दाखवावं. पहिल्या ओळीपासून. मग मी काय ते बोलीन.”

एवढंच. मी स्टेशनवर आले.

डिसेंबरात तुझं ट्रेनिंग संपतं. दिल्लीहून छत्तीसगढ एक्स्प्रेस धरशील, तर राजनांदगाव भिलाईच्या आधी लागतं. तिथं उतर. आम्हाला आधी भेटून, सल्ला घेऊन, मग जाऊ असं करू नकोस. मी स्टेशनवर येणार नाही, आईही येणार नाही.

सुशीला